गुलाब तिसऱ्याच दिवशी मान का टाकतो?

माझ्या आत्याचं एक म्हणणं दोन वर्षं ठरलेलं होतं: "कोपऱ्यावरचा तो फुलवाला मला शिळा माल देतो." शनिवारी डच गुलाबाची जुडी यायची, रविवारी आल्यागेल्यांनी कौतुक करायचं आणि सोमवारी संध्याकाळी वीसपैकी बारा-तेरा गुलाबांनी माना टाकलेल्या. पाकळ्या चांगल्या, पानं हिरवी, फुलदाणीत पाणी भरपूर. फक्त फुलाच्या खालचा दोन बोटं दांडा मोडल्यासारखा वाकलेला. फुलवाला बदलून झाला, पाण्यात ॲस्पिरिन टाकून झाली, देव्हाऱ्यातलं तांब्याचं जुनं नाणं बुडवून झालं. मी आठवड्यातून दोनदा पहाटे पुण्यातल्या गुलटेकडीच्या फूलबाजारात असते, सात-आठ ऑफिसांच्या स्वागतकक्षात फुलं लावून देणं हे माझं काम. त्यामुळे तक्रार फिरत फिरत माझ्याकडे आली.

मी तिला एवढंच सांगितलं, या वेळी जुडी एकच, पण अर्धे गुलाब तुझ्या फुलदाणीत ठेव आणि अर्धे स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत. पाणी त्याच नळाचं, टेबल तेच. सोमवारी फुलदाणीतल्या दहापैकी सात गुलाबांनी मान टाकली. बरणीतले दहाच्या दहा उभे होते, गुरुवारपर्यंत.

म्हणजे फुलवाला निर्दोष. फुलदाणी पांढऱ्या चिनी मातीची, सुरईसारख्या अरुंद गळ्याची, बाहेरून लखलखीत. आत हात जात नाही. बाटल्या घासायचा ब्रश घालून फिरवला तर करड्या-काळ्या रंगाचा बुळबुळीत थर साय निघावी तसा बाहेर आला, आणि वास असा की आत्याने खिडकी उघडली. "अगं, मी रोज विसळते!" विसळत होती हे खरं. घासली मात्र कधीच नव्हती.

तुमच्याकडेही दर वेळी हेच होत असेल तर ही अर्ध्या-अर्ध्या जुडीची चाचणी आधी करा. दोन्हीकडची फुलं एकाच वेळी गेली तर दोष मालात किंवा जागेत, आणि एकीकडचीच गेली तर भांड्यात. चाचणीशिवाय उपाय करत बसलं की ॲस्पिरिनपासून नाण्यापर्यंत सगळं होतं आणि कशाने काय झालं ते कळत नाही.

मुळात बिघडतं काय? तोडलेल्या फुलाला मूळ नसतं. पानांतून आणि पाकळ्यांतून पाणी उडत राहतं, त्या ओढीने देठातल्या केसासारख्या बारीक नळ्यांमधून खालचं पाणी वर चढतं. या नळ्या दोन गोष्टींनी बंद होतात. एक म्हणजे जंतू. देठ कापला की त्यातला रस पाण्यात उतरतो, त्यावर जंतू पोसले जातात आणि त्यांचा चिकट थर नळ्यांच्या तोंडाशी बसतो. दुसरी म्हणजे हवा. कापलेला देठ कोरडा राहिला की नळीत पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची दोरी तुटते. मग फुलदाणी काठोकाठ भरा, फूल पाण्यात उभं राहून तहानेनं जातं. गुलाबात फुलाखालचा दांडा सगळ्यात कोवळा असतो, तो आतल्या पाण्याच्या ताठपणावरच उभा असतो, म्हणून पहिला तोच वाकतो. मान टाकलेला गुलाब म्हातारा झालेला नसतो हे लक्षात घ्या. म्हातारा गुलाब पूर्ण उमलतो, रंग निळसर-फिका होतो, पाकळ्या गळतात.

मान नुकतीच वाकली असेल, म्हणजे सकाळी ठीक होता आणि संध्याकाळी झुकला, तर तो वाचतो. देठ खालून दोन-तीन सेंटिमीटर कापा, पण पाण्याच्या बादलीत बुडवून, पाण्याखालीच. मग पाच-सहा गुलाब वर्तमानपत्रात असे घट्ट गुंडाळा की माना सरळ उभ्या राहतील, आणि कोमट पाण्यात गळ्यापर्यंत दीड-दोन तास ठेवा, अंधाऱ्या, थंड जागी. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीला असतं तेवढंच. त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते सहज वर चढतं. कागद सोडल्यावर मान सरळ राहिली तर जिंकलात. दोन दिवस वाकून राहिलेल्या गुलाबावर हा वेळ घालवू नका, पाकळ्या काढून ताटात पाण्यावर पसरा.

एरवी फुलं घरी आली की मी काय करते ते सांगते, कारण पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक निकाल लागतो. भांडं आधी घासते: भांड्यांचा साबण, ब्रश, आणि महिन्यातून एकदा पाण्यात थोडं ब्लीच घालून दहा मिनिटं तसंच ठेवते. मग पाण्याच्या पातळीखाली जेवढी पानं येतील ती सगळी काढते. बुडालेलं एक पानसुद्धा दुसऱ्या दिवशी कुजायला लागतं आणि तिथून जंतूंची जत्रा. देठ धारदार सुरीने किंवा छाटणीच्या कात्रीने तिरका कापते. शिवणाच्या बोथट कात्रीने देठ चेंगरतो आणि नळ्या तिथेच मिटतात. तिरका काप दिल्याने देठ तळाला सपाट टेकत नाही, तोंड मोकळं राहतं, एवढाच त्याचा फायदा. गुलाबाचे देठ हातोडीने ठेचायचे असा सल्ला फिरतो. कृपया ठेचू नका, जंतूंना त्यापेक्षा सोयीचं काही नाही.

पाणी रोज बदलता येत असेल तर साधं पाणीच पुरतं, दर दोन दिवसांनी देठ बोटभर कापायचा. रोज जमत नसेल तर 1 लिटर पाण्यात 1 छोटा चमचा साखर, 2 छोटे चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा बिनवासाचं साधं ब्लीच. साखर फुलाचं अन्न, लिंबाने पाणी आम्लधर्मी होऊन वर चांगलं चढतं, आणि ब्लीच जंतू मारतं. ब्लीच नेहमी सगळ्यात शेवटी, पूर्ण लिटरभर पाण्यात. लिंबाचा रस आणि ब्लीच कधी थेट एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात हे मिश्रण अजिबात नको. आत्याने नुसती साखर घातली होती तेव्हा गुलाब दोन दिवसांत गेले, कारण नुसती साखर म्हणजे जंतूंना पक्वान्न. ॲस्पिरिनने पाणी किंचित आम्ल होतं, त्यापलीकडे मला तरी फरक दिसला नाही. तांब्याचं नाणं पाण्यात इतकं कमी विरघळतं की त्याची आशा सोडलेली बरी, आणि आजची आपली एक-दोन रुपयांची नाणी तर स्टेनलेस स्टीलची. बोअरचं जड पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये मात्र लिंबाचा फरक स्पष्ट दिसतो. आरओचं पाणी असेल तर उत्तमच.

आता इतर तक्रारी. लोक सगळ्यांना एकच नाव देतात, "फुलं टिकत नाहीत", पण फुलाचं कुठलं अंग आधी गेलं ते पाहिलं की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

जरबेराचा दांडा मधोमध वाकतो. जरबेराच्या दांड्यावर पानं नाहीत, दांडा पोकळ आणि लवदार, त्या लवेवर जंतू पटकन बसतात. गुलाबाला खोल पाणी मानवतं, जरबेराला तेच मारक. त्याला पाणी पाच-सात सेंटिमीटर, बास. रोज बदला. बाजारात फुलाला प्लास्टिकची टोपी आणि देठाला आधार असतो तो पहिले दोन तास काढू नका, पाणी पिऊन दांडा ताठ होऊ द्या. एका कार्यक्रमाला मी घाईत शंभर जरबेरा गुलाबांच्याच बादल्यांत गळ्याइतक्या पाण्यात ठेवले होते. रात्रीतून निम्मे दांडे चिखलासारखे मऊ. त्या दिवसाचे पैसे मी माझ्या खिशातून भरले.

शेवंतीची पानं पिवळी पडतात, फूल मात्र ताजं. यात घाबरण्यासारखं काही नाही. शेवंतीची पानं फुलाआधी म्हातारी होतात. काढून टाका, फूल दहा-बारा दिवस सहज जाईल.

गुलछडीच्या वरच्या कळ्या उमलतच नाहीत. गुलछडी, म्हणजे निशिगंध, खालून वर उमलत जातो. खालची फुलं मिटली की ती चिमटून काढा, वरच्यांना अन्न मिळतं. तरी शेंड्याच्या चार-सहा कळ्या बहुधा उमलत नाहीत, तो त्याचा स्वभाव. फुलदाणीसाठी डबल घ्या, सिंगल हाराच्या कामाची.

ग्लॅडिओलसचा शेंडा वाकडा होतो. तो आडवा ठेवला होता, दुसरं काही नाही. आडव्या ग्लॅडिओलसचा शेंडा वरच्या दिशेने वळतो आणि नंतर सरळ होत नाही. गाडीतून आणतानाही उभाच आणा.

पाकळ्यांवर तपकिरी डाग, मग राखाडी बुरशी. फुलावर पाणी शिंपडणं ही आपली फार जुनी सवय, दुकानदारही दर तासाला शिंपडतो. उन्हात पाणी उडतं तोवर ठीक. पण ओल्या पाकळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या की आत उकाडा आणि ओल, बुरशीला दुसरं काय हवं? पावसाळ्यात गुलाब घरी आला की झटकून मोकळ्या हवेत पाकळ्या वाळू द्या. पाणी देठाला, पाकळीला नको.

स्पंजात लावलेली फुलं दुसऱ्या दिवशी सुकतात. त्या हिरव्या विटेला सगळे ओॲसिसच म्हणतात. ती पाण्यावर सोडायची आणि आपोआप बुडू द्यायची. हाताने दाबून बुडवली की पोटात कोरडी राहते आणि तिथे टोचलेल्या देठाला पाणीच मिळत नाही. देठ एकदा टोचला की किंचित मागे ओढू नका, टोकाखाली हवेची पोकळी राहते. आणि एकदा वाळलेली वीट पुन्हा वापरायची काटकसर महाग पडते.

कार्नेशन किंवा ऑर्किड अचानक मिटतात, झोपी गेल्यासारखे. हे प्रकरण मला सगळ्यात आवडतं, कारण इथे पाण्याचा काही संबंध नसतो. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. आंबा, केळं, सफरचंद, पपई, सगळी. त्याच वायूने फळ पिकतं आणि त्याच वायूने काही फुलं म्हातारी होतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या काचघरांतले कार्नेशन असेच मिटू लागले होते. क्रॉकर आणि नाइट या दोघांनी 1908 मध्ये दाखवून दिलं की दिव्यांसाठी जमिनीखालून नेलेला गॅस गळतोय आणि त्यातल्या इथिलीनची अगदी सूक्ष्म मात्रासुद्धा कार्नेशनला पुरते. आपल्याकडे तो गॅस नाही, पण एप्रिल-मे महिन्यात दिवाणखान्यात आंब्यांची आढी असते. एका घरी तीन आठवडे ओळीने ऑर्किड गळत होते. फुलदाणी घासून झाली, पाणी बदलून झालं. चौथ्या आठवड्यात मी सोफ्याखाली वाकून पाहिलं तर गवतात घातलेली हापूसची पेटी. पेटी गॅलरीत गेली, ऑर्किड दोन आठवडे राहिले. उदबत्तीच्या धुरातही हा वायू थोडा असतो, म्हणून कार्नेशन देव्हाऱ्याशेजारी ठेवू नका. गुलाब मध्यम सोसतो, शेवंती आणि जरबेराला फारसा फरक पडत नाही. फुलदाणीत मिटलेलं, सडकं फूल तसंच राहू देऊ नये, तेही इथिलीन सोडतं. ऑर्किडची अजून एक गंमत: परागीभवन झालं की त्याचं काम संपलं, ते स्वतःच इथिलीन तयार करून मिटतं. म्हणून ऑर्किडच्या मधल्या दांड्याला बोट लावू नका.

यावरूनच फ्रिजचा प्रश्न. थंडीत फूल जास्त टिकतं हे खरं, तापमान 10 अंशांनी वाढलं की फुलाचा श्वास दुप्पट-तिप्पट होतो आणि साठा तेवढा लवकर संपतो. म्हणून पुण्यातल्या मे महिन्यातला गुलाब डिसेंबरातल्या गुलाबाची बरोबरी करणार नाही, कितीही पाणी बदला. पण घरच्या फ्रिजमध्ये फळं असतात. रात्रभर ठेवायचीच तर फळं बाहेर काढा. आणि अँथुरियम, हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅराडाइज ही उष्ण प्रदेशातली मंडळी फ्रिजमध्ये काळी पडतात. अँथुरियमला 12-13 अंशांखालची थंडी सोसत नाही.

जागा चुकली तरी तेच. माझ्या एका ऑफिसात बुधवारी लावलेली फुलं शुक्रवारी कागदासारखी. वरती पाहिलं तर एसीचं तोंड थेट फुलदाणीवर. टेबल चार फूट सरकवायला त्यांनी तीन आठवडे घेतले, कारण रचना "डिझायनरने ठरवली होती". पंख्याखाली, खिडकीतल्या उन्हात, टीव्हीजवळ, गॅसच्या ओट्यावर फुलं नकोत.

आता बाजारातली गोष्ट. माल शिळा आहे का हे ओळखता येतं. गुलाबाची कळी पाकळ्यांच्या बुडाशी दोन बोटांत हलकी दाबा. घट्ट लागली तर ताजी, पोकळ-मऊ लागली तर जुनी. देठाचं टोक तपकिरी, खालची पानं काढून टाकलेली, बाहेरच्या पाकळ्या सोललेल्या दिसल्या तर दुकानदाराने त्याला तरुण करून बसवलाय. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या किंचित हिरवट, सुरकुतलेल्या असणं मात्र वाईट नाही, त्या कळीच्या राखणदार असतात. उलट फारच घट्ट, बारीक, हिरवी कळी घेऊ नका. कच्ची तोडलेली कळी उमलत नाही आणि मानही लवकर टाकते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तळेगाव-मावळचा चांगला माल बाहेर जातो, भाव चढलेले असतात आणि शीतगृहात थांबवलेला मालही त्यात मिसळतो. 14 तारखेचा गुलाब चार दिवस टिकला तरी नशीब समजा. मी त्या आठवड्यात गिऱ्हाईकांना कार्नेशन सुचवते.

नीट निगा राखली तर माझ्या अनुभवात गुलाब, जरबेरा, गुलछडी, ग्लॅडिओलस यांना पाच ते सात दिवस, कार्नेशन आणि शेवंतीला दहा ते चौदा, ऑर्किडला दोन आठवडे, अँथुरियमला त्याहून थोडे जास्त. तुमचा आकडा याच्या जवळपास असेल तर काही बिघडलेलं नाही. गुलाब सातव्या दिवशी गेला म्हणून फुलवाल्याशी भांडणाऱ्या गिऱ्हाईकांपुढे मी हात जोडते.

आणि काही फुलांचं आयुष्यच तेवढं. जास्वंद एका दिवसाची, पारिजातक पहाटे खाली. ब्रह्मकमळ एका रात्रीचं, त्यासाठी शेजाऱ्यांना चहाला बोलवायचं असतं, पाणी बदलायचं नसतं.

हार आणि गजऱ्यांचं तंत्र वेगळं, कारण तिथे देठच नाही, पाणी आत जायला वाट नाही. तिथे असलेली ओल राखणं एवढंच हातात. मोगऱ्याचा गजरा संध्याकाळी हवा असेल तर सकाळी कळ्यांचा घ्या, उमललेल्यांचा नाही. ओल्या पण पिळून काढलेल्या मलमलीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्लास्टिकच्या पिशवीत थेंब साचतात आणि जिथे थेंब तिथे पाकळी तपकिरी. गणपतीत रात्री आणून ठेवलेले हार काळे पडतात याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: ओला हार, बांधलेली पिशवी. हार सुपात किंवा बांबूच्या टोपलीत मोकळा ठेवा, वर ओलसर फडकं. दसऱ्याचा झेंडू आदल्या दिवशी आणला तर जमिनीवर वर्तमानपत्रावर पातळ पसरा. पोत्यात ढीग तसाच राहिला तर मधला झेंडू आपल्याच उष्णतेने शिजतो, हात घालून पाहा, गरम लागेल. कोकणात-गोव्यात वळेसराला, म्हणजे तिथल्या गजऱ्याला, अबोली का, याचं उत्तरही यातच आहे. वजनाला हलकी आणि पाण्याशिवाय दोन दिवस रंग धरून राहणारी, तिथल्या दमट उकाड्यातसुद्धा.

हे सगळं करूनही पहिल्याच दिवशी, जुडीतली सगळी फुलं एकदम झुकली तर समजा माल दुकानातच बराच वेळ कोरडा पडून होता. देठ कापून दोन तास पाण्यात देऊन पाहा, नाही उठली तर फोटो काढून दुकानात दाखवा. एकेक करून मान टाकत गेली तर भांड्याकडे बघा.

आत्याने ती सुरई आता माळ्यावर टाकली आहे. गुलाब बरणीत असतात, बरणीवर पूर्वीच्या लोणच्याचं लेबल अजून अर्धं चिकटलेलं आहे आणि ते निघत नाही म्हणून ती बाजू भिंतीकडे. फुलं ती पुन्हा कोपऱ्यावरच्या त्या पहिल्याच फुलवाल्याकडून आणते. मधली दोन वर्षं कुठे गेली होती, हे काही तिने त्याला सांगितलेलं नाही.